चार्ली वॉट्स: आठातले दोन ठोके गाळणारा ड्रमर

लयबद्ध_आळशी

गेले पंधरा दिवस माझा एकच उद्योग चाललाय. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या जुन्या कार्यक्रमांच्या चित्रफिती लावायच्या, आवाज बंद करायचा आणि फक्त चार्ली वॉट्सच्या उजव्या हाताकडे बघत बसायचं. घरच्यांनी आता विचारणं सोडून दिलंय.

ज्यांनी कधी ड्रम्स वाजवले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं. रॉकचा साधा ठेका चार मात्रांचा. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, 'एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि' असे आठ ठोके मारत राहतो. पाय बेस ड्रमवर, म्हणजे खाली आडव्या ठेवलेल्या मोठ्या ड्रमवर, बहुतेकदा एकला आणि तीनला. डावा हात दोनला आणि चारला स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर. म्हणजे दोनला आणि चारला स्नेअर आणि हाय-हॅट एकदमच वाजतात. बहुतेक ड्रमर असंच वाजवतात, मीही असंच शिकलो.

चार्लीचा डावा हात स्नेअरवर उतरतो तेव्हा उजवा हात हाय-हॅटवरून उचललेला असतो. आठातले दोन ठोके तो वाजवतच नाही. उरतात सहा. ऐकताना पहिल्यांदा काही कळत नाही, फक्त स्नेअर जरा जास्त उघडा आणि सणसणीत वाटतो. कारण त्या क्षणी त्याच्या अंगावर दुसरा कुठलाच आवाज नसतो. दुसरी गंमत अशी की वर गेलेला हात परत खाली यायला क्षणभर वेळ घेतो. तेवढ्यात ठेक्याला किंचित झोका मिळतो. स्टोन्सच्या गाण्यांत ती जी चालताना जराशी झिंगल्यासारखी लय आहे, तिचा बराचसा उगम या झोक्यात आहे असं माझं मत. साठच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांत हे सरसकट सापडणार नाही. पुढे मात्र ही सवय इतकी मुरली की नुसत्या हातावरून माणूस ओळखावा.

थोडी पार्श्वभूमी. जन्म २ जून १९४१, लंडन. लहानपणापासून जॅझचं वेड. सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर हे दैवत. जॅझ ड्रमर चिको हॅमिल्टनचं तारांच्या ब्रशने वाजवलेलं ऐकून पोराला ड्रम हवासा झाला, पण घरात होता फक्त एक बॅन्जो. मग त्याने बॅन्जोची दांडी काढून टाकली, उरलेला गोल भाग स्टँडवर ठेवला आणि ब्रशने तोच बडवायला लागला. हा त्याचा पहिला स्नेअर. १९५५ मध्ये आईवडिलांनी खरं ड्रमकिट घेऊन दिलं. शिकवणी वगैरे नाही. रेकॉर्ड लावायची आणि बरोबर वाजवायचं.

पुढे हॅरोच्या कलाशाळेत शिक्षण, जाहिरात क्षेत्रात ग्राफिक डिझायनरची नोकरी. संध्याकाळी वाजवणं. अलेक्सिस कोर्नरने त्याला आपल्या 'ब्लूज इन्कॉर्पोरेटेड' या बँडमध्ये बोलावलं. तिथून तो बाहेर पडला तेव्हा ती जागा जिंजर बेकरला, म्हणजे पुढे 'क्रीम'मुळे गाजलेल्या ड्रमरला, मिळाली, यावरून त्या काळच्या लंडनमध्ये काय पीक आलं होतं ते बघा. स्टोन्सवाले बरेच दिवस त्याच्या मागे होते, पण पगार सोडून यांच्याकडे जायचं तर पैसे कुठले? शेवटी जानेवारी १९६३ मध्ये गेला. तेव्हापासून २४ ऑगस्ट २०२१ ला, वयाच्या ८०व्या वर्षी, लंडनमध्ये मृत्यू येईपर्यंत तोच ड्रमर.

अठ्ठावन्न वर्षं एकच बँड, आणि स्वतःचा सोलो वाजवण्याची हौस शून्य. यावर बोलू या. विशेषतः इथल्या तबलेवाल्यांनी काय ते बोलावं.

---

पडघम

सुंदर लिहिलंय. ती बॅन्जोची गोष्ट माहीत नव्हती.

---

कडकड_काका

लेख चांगला, पण थोडं विरोधी मत मांडतो. दोन ठोके गाळणं ही शैली की आळस? त्याच काळात, त्याच देशात 'द हू'चा ड्रमर कीथ मून होता, 'लेड झेपेलिन'चा जॉन बॉनहॅम होता. बॉनहॅमच्या पायात जेवढी ताकद होती तेवढी चार्लीच्या दोन्ही हातांत मिळून नव्हती. स्टोन्सच्या गाण्यांत ड्रम्स काढून दुसरा कोणी बसवला तर नव्वद टक्के लोकांना कळणारही नाही. मोठ्या बँडमध्ये होता म्हणून मोठा.

---

लयबद्ध_आळशी

कडकडकाका, तुमच्याकडून हीच अपेक्षा होती :)

बॉनहॅम मलाही आवडतो. पण तो आणि मून हे अग्रभागी वाजवणारे. मून तर गाणं चालू असताना स्वतःचं दुसरं गाणं वाजवायचा. चार्लीचं काम वेगळं होतं. गायकामागे बसून ठेका धरणारा तबलजी आणि स्वतंत्र वादनाची मैफल मारणारा तबलजी यांची तुलना आपण करतो का?

आणि 'दुसरा बसवला तर कळणार नाही' म्हणता, तर खरंच दुसरा बसवलेली उदाहरणं आहेत. 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट' या १९६९ च्या गाण्यावर चार्ली नाहीच. ड्रम्स निर्माता जिमी मिलरने वाजवलेत, कारण त्याच्या डोक्यातला ठेका चार्लीच्या हातात बसेना. 'हॅपी' वरही मिलरच. 'इट्स ओन्ली रॉक अँड रोल' वर केनी जोन्स. ही तीन आणि १९७२ च्या आसपासची चार्लीची कुठलीही तीन अशी पाठोपाठ ऐका. मिलर छान वाजवतो, पण त्याच्या ठेक्याचं बूड जमिनीला टेकलेलं असतं. चार्लीचं टेकता टेकता राहतं.

---

धा_तिरकिट

तबलेवाल्यांना हाक मारलीत म्हणून आलो. रॉक मी फारसा ऐकत नाही, तरी काल रात्री तुमच्यामुळे तासभर ऐकलं.

एक प्रश्न. 'हाँकी टाँक वुमन'मध्ये लय चढते. सुरुवातीला जी आहे ती शेवटी नाही, मी टाळी देऊन बघितलं. आमच्याकडे साथीला बसलेल्याने अशी लय चढवली तर गायक मान वळवून बघतो आणि पुढच्या कार्यक्रमाला दुसरा माणूस बोलावतो. हा दोष तुम्ही लोक कसा काय खपवून घेता?

---

लयबद्ध_आळशी

धातिरकिट, अगदी बरोबर पकडलंत. चढतेच.

ते गाणं १९६९ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत झालं. सुरुवातीला जी घंटी वाजते, काऊबेल म्हणतात तिला, ती जिमी मिलरने वाजवलीय. मग चार्ली येतो, आणि त्या घंटीच्या आणि त्याच्या लयीत सुरुवातीलाच हलकीशी ओढाताण आहे. कोण कोणाला धरून चाललंय ते एक-दोन आवर्तनं नीट समजत नाही. त्यातून गाणं उभं राहतं आणि पुढे पुढे सरकत जातं. क्लिक, म्हणजे कानात टिकटिक करणारा लयमापक, लावून वाजवलं असतं तर ही चूक झाली नसती आणि ते गाणंही झालं नसतं. खोलीत माणसं एकमेकांना ऐकत वाजवत होती, उत्साह वाढला तशी लय वाढली. तुमच्याकडे भजनात, गजर टिपेला जाताना लय चढते तेव्हा कोणी मान वळवून बघतं का? :)

---

धा_तिरकिट

भजनाचं मान्य. तिथे ती ठरवून चढते पण. इथे ठरवून चढली असं काही वाटलं नाही.

बाकी हात उचलण्याचं तुम्ही लिहिलंय ते बघितलं. आमच्याकडे खाली म्हणतात ना, बायां बंद करून रिकामी सोडलेली मात्रा, तिथे जसं पुढच्या भरीचं वजन वाढतं तसं काहीसं वाटलं. तंतोतंत तसं नाही, कारण याच्याकडे रिकामं होतं त्याच जागी स्नेअर पडतो. एका हाताची खाली आणि दुसऱ्या हाताची भरी एकाच मात्रेवर. हे डोक्यात घेऊन झोपलो तर झोप लागेना.

---

खर्जातला_खडा

मी बास गिटार वाजवतो, त्यामुळे दोन पैसे माझेही.

बहुतेक बँडमध्ये सगळे ड्रमरला धरून चालतात. स्टोन्समध्ये उलट. कीथ रिचर्ड्सची गिटार पुढे आणि चार्ली तिला धरून. बिल वायमनने, म्हणजे त्यांच्या जुन्या बासवाल्याने, हे फार छान उलगडून सांगितलंय: चार्ली कीथच्या मागे केसभर, आणि वायमन स्वतः केसभर पुढे. म्हणजे एकाच मात्रेला तिघे जण तीन बाजूंनी हात लावतायत. कागदावर हा गोंधळ आहे. ऐकताना त्यालाच लोक स्टोन्सचा 'रोल' म्हणतात.

मी आमच्या ड्रमरला हे करून बघायला सांगितलं होतं. दोन गाण्यांनंतर भांडण झालं. मागे राहणं आणि मंदावणं यातला फरक त्याला करता येईना, आणि खरं सांगायचं तर पुढे राहणं आणि पळणं यातला मला करता येईना.

---

अवांतराची_आवड

जरा अवांतर. चार्ली १९६७ पासून दौऱ्यावर असताना ज्या ज्या हॉटेलात झोपला त्या प्रत्येक पलंगाचं रेखाटन करायचा. प्रत्येक! वहीच्या वह्या भरल्या. नुसता रिकामा पलंग, बाजूचा दिवा, फोन. बाकीचे बँडवाले त्याच हॉटेलांत काय काय उद्योग करत होते ते जगजाहीर आहे, आणि हा आपला पलंग काढतोय.

शिवाय गाडी चालवता येत नसताना जुन्या उंची मोटारी जमवायचा. इंग्लंडात डेव्हनमध्ये बायकोबरोबर अरबी घोड्यांची पैदास. लग्न १९६४ मध्ये शर्लीशी, ते शेवटपर्यंत टिकलं. रॉक बँडमध्ये हा पराक्रम सोलोपेक्षा अवघड असावा.

---

पडघम

अवांतर कसलं, हे विषयालाच धरून आहे की. मूळचा डिझायनर तो. १९६७ च्या 'बिट्वीन द बटन्स' अल्बमच्या मागच्या बाजूची चित्रं त्याचीच. नंतर गायक मिक जॅगरबरोबर बसून दौऱ्यांच्या रंगमंचाची आखणीही करायचा. चित्रात कोरी जागा किती ठेवायची हे ज्याला कळतं त्याने हाय-हॅटवरचे दोन ठोके सोडले यात नवल नाही.

---

कडकड_काका

हे जरा ओढूनताणून झालं पडघम. उद्या म्हणाल गाडी चालवता येत नव्हती म्हणून लय मागे राहायची.

पण काल 'सॅटिस्फॅक्शन' ऐकलं मुद्दाम. त्यात तर दोन-चार वगैरे काही नाहीच. चारही मात्रांवर सरळ स्नेअर, ठाक ठाक ठाक ठाक. आणि मध्ये बाकी सगळे थांबतात तिथेही तो तसाच. हे मी पन्नास वर्षं ऐकतोय आणि कधी लक्ष गेलं नव्हतं. चांगलं आहे, एवढंच म्हणतो. महान वगैरे नाही.

---

लयबद्ध_आळशी

काका, प्रगती आहे!

त्याच १९६५ सालचं 'गेट ऑफ ऑफ माय क्लाउड' घ्या आता. गाणं सुरूच ड्रम्सने होतं. दोनदा वाजवून एक छोटी फिल, म्हणजे तोंडच म्हणा, आणि मग तेच तोंड कडव्यात पुन्हा पुन्हा. दुसरा कोणी असता तर दर वेळी फिल बदलली असती, वाढवली असती, हात दाखवला असता. हा बदलत नाही. तिसऱ्यांदा आली की ती फिल न राहता गाण्याची चाल होऊन जाते.

आणि 'स्टार्ट मी अप'. कीथची गिटार ऐकून आपण मनात जी सम धरतो ती ड्रम्स आले की चुकीची निघते. क्षणभर पायाखालची फळी सरकते आणि स्नेअर पडल्यावर आपण परत उभे. धातिरकिट, हे जरूर ऐका, पहिली पंधरा सेकंदं. सम कुठे धरलीत ते प्रामाणिकपणे सांगा.

---

धा_तिरकिट

चुकलो. तीनदा ऐकलं, दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा आधीपासून मोजत बसलो म्हणून वाचलो.

---

सुतळी_बॉम्ब

एवढे प्रतिसाद झाले आणि ठोशाचा किस्सा कोणी टाकला नाही? १९८४, अ‍ॅमस्टरडॅम. पहाटे दारू चढलेल्या जॅगरने फोन करून 'माझा ड्रमर कुठंय' असं काहीतरी विचारलं. चार्ली उठला, दाढी केली, सूट-टाय चढवला, बूट चकचकीत, खाली आला आणि जॅगरला एक ठेवून दिली. मी तुझा ड्रमर नाही, तू माझा गायक आहेस, अशा अर्थाचं सुनावून गेला. कीथने आत्मचरित्रात लिहिलंय.

---

खर्जातला_खडा

टाकला नाही कारण चार्लीचं नाव निघालं की हाच निघतो. मला त्यातली दाढी आवडते, ठोसा नाही. संतापलेला माणूस आधी दाढी करतो! पण त्या काळात तो स्वतःही बरा नव्हता हे लोक सांगत नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, चाळिशी उलटल्यावर, तो दारू आणि हेरॉइनच्या नादी लागला होता. साठ-सत्तरच्या दशकात सगळे बुडाले तेव्हा हा कोरडा, आणि नंतर बुडाला. तळघरातून वाईनची बाटली आणायला जाताना पाय घसरून घोटा मोडला, आणि पुढे रॉनी स्कॉट्स या जॅझ क्लबमध्ये कार्यक्रम ठरलेला. तिथे त्याचे डोळे उघडले आणि त्याने सगळं बंद केलं. स्टोन्सच्या स्टेडियमसाठी नाही, तर जॅझच्या कार्यक्रमासाठी.

१९८६ मध्ये त्याने जॅझचा भलामोठा वाद्यवृंद उभा केला होता, नंतर पाच जणांचा छोटा गट केला. त्यातही सोलो नाही बरं का.

---

लयबद्ध_आळशी

त्या जॅझनेच त्याचा हात घडवला. काठी धरायची पद्धत बघा. डावा हात तळवा वर करून, काठी अंगठ्याच्या बेचक्यात, जुने जॅझवाले आणि लष्करी बँडवाले धरतात तशी. रॉकमध्ये बहुतेकांनी ही पद्धत सोडली कारण तशा पकडीत ठोक्याला जोर कमी येतो म्हणतात. चार्लीने शेवटपर्यंत सोडली नाही आणि स्नेअरचा आवाज स्टेडियमभर गेला.

किटही तसंच. १९५७ चं ग्रेट्श, एकूण चार ड्रम: २२ इंची बेस, १२ इंची टॉम, १६ इंची फ्लोअर टॉम आणि स्नेअर. थोड्या झांजा. ऐंशीच्या दशकात लोक तोफखाना लावल्यासारखे ड्रम रचून मध्ये बसायचे, आणि हा लाखभर लोकांसमोर क्लबातलं किट घेऊन.

अजून लहान किट हवं असेल तर 'स्ट्रीट फायटिंग मॅन', १९६८. त्यात त्याने १९३० च्या दशकातलं एक खेळण्यासारखं सरावाचं किट वाजवलंय, पेटीत घडी होऊन बसणारं. स्नेअर डफलीएवढा. कीथची अकूस्टिक गिटार आणि हे किट असं साध्या कॅसेट रेकॉर्डरवर भरलं, आवाज मुद्दाम फाटू दिला, आणि मग तेच स्टुडिओत वर चढवलं. एवढा धडाम आवाज आणि मूळ वस्तू मांडीवर मावणारी.

---

नवशिकी

पहिल्यांदाच इथे लिहितेय. मी सात महिने ड्रम्स शिकते. धागा वाचून काल हात उचलायचा प्रयत्न केला. नाही जमत! दोन आवर्तनं जमतं, तिसऱ्याला उजवा हात आपोआप खाली येतो. सर म्हणाले ही वाईट सवय आहे, आधी आठ ठोके समान कर. कोणाचं ऐकू?

---

लयबद्ध_आळशी

सरांचं ऐका. खरंच. आठ समान आल्याशिवाय दोन गाळले तर ते गाळलेले वाटत नाहीत, राहून गेलेले वाटतात.

पण गुपचूप करायचंच असेल तर माझी युक्ती: हात उचलायचा विचार करू नका. उजवा हात स्नेअरला वाट देतोय असं समजा, अरुंद जिन्यात समोरून कोणी आलं की आपण बाजूला होतो तसं. आणि अतिशय हळू. मला सव्वा महिना लागला, आणि अजूनही गाणं जरा रंगलं की विसरतो.

---

अवांतराची_आवड

एप्रिल २०२० ची ती चित्रफीत कोणी बघितलीय का? टाळेबंदीत स्टोन्सचे चौघे आपापल्या घरून वाजवत होते. चार्लीपुढे किटच नाही. सामानाच्या पेट्या मांडल्यात, एका बाजूला सोफ्याचा हात, कानाला हेडफोन आणि हातात काठ्या. वय ७८. वाजवतोय पेट्या आणि सोफा, चेहऱ्यावर मात्र मोठी गंमत केल्याचं हसू.

---

पडघम

आणि गाणं कुठलं होतं? 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट'! ज्यावर मूळ ध्वनिमुद्रणात तो नाहीच, जिमी मिलर आहे. पुढच्याच वर्षी गेला. दौरा ठरलेला होता, आजारपणामुळे त्याच्या जागी स्टीव्ह जॉर्डन वाजवणार हे आधीच जाहीर झालं होतं. २०२३ च्या 'हॅकनी डायमंड्स'मध्ये मात्र दोन गाण्यांवर चार्ली आहे, आधी भरून ठेवलेला. त्यातल्या एकावर बिल वायमनही आहे, बँड सोडून तीस वर्षं झाल्यावर.

---

कडकड_काका

ती दोन्ही गाणी ऐकली, आणि मग जॉर्डनची. जॉर्डन जोरकस आहे, चोख आहे, माझ्या आवडीचा आहे. फरक कळला पण. नव्वद टक्क्यांचं विधान मागे घेतो, सत्तर करतो. बॉनहॅमवर वेगळा धागा काढतोय, तिथे या सगळे.

---

नवशिकी

आज सहा आवर्तनं झाली. सातव्याला डाव्या हाताने उजव्याला काठी मारली.